निकालाच्या पानाची उलटी बाजू

नाही, आधी ते बंद करा. तो फोन. लाल ठिपका दिसतोय मला इथून — दिवसभर पडद्यावरचे ठिपकेच बघतो मी, मला नका शिकवू. पालथा ठेवू नका, बंद करा. हं. आता खिशात नको, टेबलावरच असू दे, माझ्या नजरेसमोर. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, कुणावरच नाही, त्यात तुम्हीही आलात. बसा. त्या खुर्चीला डावा हात नाहीये, तेव्हा डावीकडे रेलू नका — मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक तोंडावर आपटलं. आणि हा वास रबराचा आहे, खाली टायरवाला आहे, दहा मिनिटांत येईनासा होतो. कशाचीही सवय होते माणसाला. तुम्हाला तर बोलायलाच नको, साठीच्या पुढे असाल, तुम्हाला आणखी कशाकशाची झाली असेल.

तर तुमचा पहिला प्रश्न. 'कोडिंगची, वेबसाइट बनवण्याची गोडी आपल्याला प्रथम कशी लागली?' हा तुम्ही सगळ्यांनाच विचारत असणार, आणि सगळे काय सांगतात ते मी न ऐकता सांगतो. एक सांगतो, मी लहानपणी घरातला रेडिओ उघडला होता. रेडिओ पुन्हा वाजला का, ते कुणी विचारत नाही. दुसरा सांगतो, गेम खेळता खेळता वाटलं, आपणच का करू नये. तिसऱ्याला गुरू भेटलेले असतात, त्यांनी पाठीवर हात ठेवलेला असतो. मग तुम्ही ते सगळं एका पुस्तिकेत छापता, वर 'संपादक' म्हणून स्वतःचा फोटो टाकता, आणि ती पुस्तिका शाळाशाळांत फुकट वाटता, म्हणजे पोरांनी वाचावं आणि रेडिओ उघडावेत. तुम्ही स्वतः कधी एक ओळ लिहिलीय कोडची? वाटलंच. उंटावरून शेळ्या हाकायच्या. गोडी म्हणे. गोडी काय, कडू औषधावर चाटवायचा मध आहे का?

आणि हा कागद टाइप कुणी केलाय तेही कळतंय मला. प्रत्येक प्रश्नानंतर दोन ओळी मोकळ्या, कडेला बोटभर जागा, आणि प्रश्नचिन्हाआधी कुठे जागा सुटलेली नाही — ताई. माझी सख्खी बहीण तुमच्या हापिसात टाइप करते आणि तुम्ही माझ्याकडे येता, म्हणजे माझं नाव तिनंच दिलं. आणि हे वरचं चार ओळींचं, हेही तिनंच सांगितलं तुम्हाला. 'बहिणीच्या निकालात वेबसाइटनं केलेल्या घोडचुकीमुळे पेटून उठलेला पंधरा वर्षांचा भाऊ.' पेटून उठलेला. हा शब्द तिचा नाही, तुमचा असणार. ती असं बोलत नाही. ती म्हणाली असेल, त्याला फार वाईट वाटलं होतं हो माझ्यासाठी. असंच म्हणाली ना? बघा.

आता मला सांगा, ही मुलाखत झाली की टाइप कोण करणार? तीच. कानांवर ते काळं चढवून बसणार आणि माझा शब्द न् शब्द तिच्या कानात जाणार. मी खाकरलो तरी तिला ऐकू येणार. म्हणून बंद करायला सांगितलं. कळलं? तुम्हाला वाटलं, पोरगा माजलाय. माजलेलाही आहे, पण कारण ते नाही. हे जे वर छापलंय ना — ही गोष्ट आमच्या घरात बारा वर्षं चाललीय, पण तोंडी. तोंडी गोष्टीचं काय, हवा असते. तुम्ही ती छापणार, हजारो प्रती काढणार, आणि ती टाइप करणार कोण, तर जिच्यावर बेतलं ती. स्वतःच्या दहा बोटांनी. हे मला सहन होत नाहीये, बस. तुम्हाला काय करायचंय माझ्या सहन होण्याशी. हो, निघा म्हटलं तर निघालही तुम्ही, दुसरा कुणी रेडिओवाला गाठाल.

बसा म्हटलं ना.

कपड्याची उलटी बाजू बघितलीय कधी? शर्ट उलटा केला की शिवण दिसते, दोरे दिसतात, कुठे टाके घाईत मारलेत ते दिसतं. वेबसाइटच्या पानाचं तसंच. माउसचं उजवं बटन दाबायचं, एक यादी येते, तिच्यातलं शेवटचं निवडायचं — की पान उलटं होतं. आतला मजकूर दिसतो, आणि गंमत म्हणजे तो बदलता येतो. खरा बदलत नाही. खरं पान कुठल्या तरी लांबच्या यंत्रात असतं, ते जसंच्या तसं राहतं. बदलतं ते फक्त तुमच्या समोरच्या पडद्यावर, आणि पान ताजं केलं की संपलं, पहिले पाढे पंचावन्न. मला वर्गातल्या एकानं दाखवलं होतं. त्यानं आमच्या शाळेचा संघ जिंकवला होता, आठ विरुद्ध शून्य. मी म्हटलं, एवढंच? आणि घरी येऊन चार दिवस तेच करत बसलो. घरी म्हणजे दुकानात. आमचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, काचेची कपाटं, मागे पडदा, पडद्यामागे अक्षरांचा तक्ता आणि त्या तक्त्याच्या मागे, कोंदट जागेत, दुकानाचा संगणक. घरात संगणक नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ताईला इमारतींचे नकाशे काढायचे होते. तसलं कॉलेज आमच्याकडे नाही, बाहेरगावी जावं लागणार, राहावं लागणार. त्याला प्रवेश परीक्षा. बाबांना ते नकोच होतं, पण आई हटून बसली तेव्हा त्यांनी एक अट घातली, आणि अट घालताना सगळ्यांना समोर बसवलं, जसं काही न्यायाधीशच. निवड झाली तर जा, नाही झाली तर पुन्हा नाव काढायचं नाही, गुपचूप दुकानात बसायचं. एकच संधी. ताई हो म्हणाली. मग सहा महिने आमच्या घरात माणसं चवड्यांवर चालायची. टीव्ही बंद. मी जरा मोठ्यानं बोललो की आई डोळे वटारायची. आणि जेवताना रोज — तिच्याकडून शीक काहीतरी, तिच्याकडून शीक. बघा, थोरली भावंडं कोणाच्या वाट्याला येऊ नयेत ती ह्या कारणासाठी. ती वाईट नसतात, त्यांचा वापर होतो.

निकाल दुपारी लागला. दुकान जेवणासाठी बंद होतं. ताई इतकी थरथरत होती की तिला तिचा नंबर दाबता येईना. मला म्हणाली, तू बघ, तू सांग, आणि तक्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, डोळे मिटून. अठरा वर्षांची बाई, डोळे मिटून. मी नंबर घातला. चौऱ्याहत्तर गुण, निवड: होय. मी पहिला. जगात सगळ्यात आधी मला कळलं. आणि मी काय केलं? उजवं बटन दाबलं. चौऱ्याहत्तरचे एकतीस केले, होयचं नाही केलं. अर्धं मिनिटही लागलं नाही, हात बसला होता ना. आणि हाक मारली, ताई, ये.

मला वाटलं, ती ओरडेल, रडेल, मग मी पान ताजं करीन, मग ती मला बदडेल, मग हसेल. ठरलेलं होतं सगळं डोक्यात. तिनं काहीच केलं नाही. वाकली, त्या ओळीखाली बोट ठेवलं, आणि बोट सरकवत सरकवत वाचलं, पहिलीतलं पोर वाचतं तसं. आणि तेवढ्यात बाबा आले मागून. चष्मा कपाळावर होता, तो डोळ्यांवर घेतला, त्यांनीही वाचलं. आता आयुष्यभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस, त्याला काय, लांबूनच दिसलं. मी त्यांचं तोंड बघत होतो. वाईट वाटल्याचं तोंड करायचं असतं हो अशा वेळी, खोटं का होईना. तेवढंही नाही. ते म्हणाले,

"चला. सुंठीवाचून खोकला गेला."

आणि फोन उचलला. आमच्याकडे काउंटरवर एक म्हातारे होते, चौदा वर्षं चष्म्यांचे बारीक स्क्रू बसवायचे, त्यांना मी स्क्रूकाका म्हणायचो. त्यांना फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका, आता घरचंच माणूस आहे. निकाल वाचल्यापासून दोन मिनिटं झाली नव्हती. ताई तिथंच उभी. माझं बोट ते पान ताजं करायच्या बटनावर. एक बटन, वरच्या ओळीतलं पाचवं. ते मी दाबलं नाही. का नाही? घाबरलो. बाबांना घाबरलो, पंधरा वर्षांचा होतो. मग ताई आत निघून गेली, बाबांनी मला तिथून उठवलं आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली. झालं.

तिनं पुन्हा का नाही पाहिलं? हे तुम्ही विचारणारच, सगळ्यांनाच सुचतं ते. तुम्हाला कुणी थोबाडीत मारली तर तुम्ही दुसरा गाल घेऊन खात्री करायला जाता का? संगणक एकच, तो दुकानात, बाबांच्या ताब्यात. मैत्रिणीचा फोन आला तो बाबांनी घेतला. ताई भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिला काय, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं चुकीचं असेल असं आमच्या घरात कुणाच्या मनात येणार. चष्म्याच्या दुकानात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना सांगितलं. हो, सांगितलं — तसा मी भेकड नाही, एका रात्रीचा आहे फक्त. तक्त्यामागे नेलं, पान उघडलं, खरा निकाल दाखवला. प्रवेशाचा फॉर्म पाठवायची मुदत त्याच्याही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती, तेही दाखवलं, खाली ठळक लिहिलेलं होतं. म्हटलं, बाबा, मी केलं होतं ते, गंमत म्हणून. आणि गाल तयार ठेवला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचा हात खूप जड होता, तुम्हाला सांगतो, त्या हाताची वाट बघत मी उभा होतो.

"हे तू केलंस? एकट्यानं?"

हो म्हटलं.

"परत करून दाखव."

मी दाखवलं. ते स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. शेजारी. त्याआधी मला आठवत नाही ते कधी माझ्या शेजारी बसलेले. समोर बसायचे, नाहीतर वर उभे राहायचे. म्हणाले, हे कुठल्याही पानावर होतं? म्हटलं, कुठल्याही. मग त्यांनी एका वर्तमानपत्राचं पान उघडायला लावलं आणि पहिल्या बातमीत स्वतःचं नाव घालायला लावलं. अमुक अमुक यांचा भव्य सत्कार. हसले. मग चौकातल्या दुसऱ्या चष्मेवाल्याचं पान उघडायला लावलं आणि त्यावर लिहायला लावलं, आमच्याकडे येऊ नका, आंधळे व्हाल. तेव्हा तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो. पाव तास आम्ही बापलेक त्या कोंदट जागेत, गुडघ्याला गुडघा लावून हसत होतो, आणि बाहेर काउंटरवर ताईचा पहिला दिवस होता, फडक्यानं फ्रेमा पुसत होती. पडदा जरा बाजूला करून तिनं विचारलंसुद्धा, काय झालं हसायला? सुजलेल्या डोळ्यांनी. बाबा म्हणाले, काही नाही, हा वात्रट आहे. आणि ती गेली की मला हळूच म्हणाले,

"डोकं आहे हां तुझ्यात."

ही तुमची गोडी. घ्या लिहून. नका लिहू, लक्षात ठेवा. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं मला डोकं असल्याचं कबूल केलं. आणि मग गंभीर होऊन म्हणाले, आता स्क्रूकाकांना नाही म्हणून बसलोय, दिला शब्द फिरवता येत नाही, तू काही बोलू नकोस, मी बघतो काय ते. मी बघतो. ह्या दोन शब्दांनी घराघरांत किती माणसं पुरली गेली असतील त्याचा कुणी हिशोब लावला पाहिजे. मुदत गेली. आणि मुदत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी संगणक आला. नवा कोरा. माझ्या खोलीत. ताई म्हणाली, बरं झालं, ह्याला शिकायला होईल.

तोंड असं करू नका. मला माहितीय तुम्ही काय विचार करताय. थांबा, अजून आहे, तुम्हाला प्रेरणा हवी होती ना.

पंधरा दिवसांनी गुणपत्रिका पोस्टानं आली. चौऱ्याहत्तर. ताईच्या हातात आली, बाबा दुकानात होते. ती कागद घेऊन दुकानात धावली — धावली म्हणजे खरंच धावली, भर रस्त्यातून, चप्पल न घालता. आणि आमचे तीर्थरूप काय भडकले म्हणून सांगू. गिऱ्हाइकांसमोर. हा काय प्रकार, वेबसाइटवर एक आणि कागदावर एक, पोरीचं आयुष्य म्हणजे काय चेष्टा आहे का. असा काही आवाज चढवला की शेजारचे दुकानदार जमले. घरी आल्यावर तक्रारीचं पत्र. ते कुणी टाइप केलं? मी. त्या नव्या संगणकावर मी टाइप केलेलं पहिलं पत्र ते आहे. बाबा येरझाऱ्या घालत सांगत होते, 'आपल्या संकेतस्थळाच्या अक्षम्य बेजबाबदारपणामुळे', आणि मी बोटं चालवत होतो, आणि ताई दारात उभी होती. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही आणि मी त्यांच्याकडे. इतकं छान जमलं आमचं. तिकडून उत्तर आलं, आमच्या नोंदीत कोणतीही चूक आढळत नाही. बाबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, चोराच्या उलट्या बोंबा. जागा भरून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी आई आजारी. त्याच्या पुढच्या वर्षी आई नव्हतीच. मग कोण हटून बसणार.

आणि मी त्या संगणकाला चिकटलो. सकाळ-संध्याकाळ. आधी दुसऱ्यांची पानं उलटी करायचो, मग स्वतःची शिवायला लागलो. तुम्ही म्हणाल, अपराधी वाटत असेल म्हणून. काही नाही. आवडायचं मला. फार आवडायचं. लिहिलं की दिसतं, चुकलं की सांगतं कुठे चुकलं, कितव्या ओळीत — घरात कुणी सांगितलंय असं कधी? पण लोक विचारायचे, हा इतका काय त्याच्यात डोकं घालून बसतो, आणि ताई सांगायची, माझ्या निकालाचं झालं ना, तेव्हापासून त्यानं मनावर घेतलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ती टोमणा मारतेय. नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. तिच्या वाट्याला जे आलं त्यातून कुणाचं तरी काहीतरी भलं झालं, एवढं एक तिला धरायला हवं होतं, आणि ती मला धरून बसली. मी कॉलेज सोडलं तेव्हाही. दुसऱ्या वर्षाला होतो. तिथे एक सर होते, आम्ही त्यांना समास म्हणायचो, कारण ते आम्हाला कोड वहीत लिहायला लावायचे, पेन्सिलीनं, डावीकडे पट्टीनं समास आखून. प्रोग्राम चालतो का ते बघायचे नाहीत, समास सरळ आहे का ते बघायचे. संगणकांच्या खोलीला कुलूप, धूळ बसते म्हणून. मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघून आलो, परत गेलो नाही. बाबा तर मला घराबाहेर काढायला निघाले होते. ताई मध्ये उभी राहिली. माझ्यासाठी. म्हणाली, तो जे करतोय ते खरं आहे बाबा, त्याला करू द्या.

त्यानंतर मी पहिली वेबसाइट पैसे घेऊन केली, एका फर्निचरवाल्याची. ताईला दाखवली. तिनं सगळी नीट बघितली, वरपासून खालपर्यंत, आणि मग मला विचारलं — सहज हो, प्रेमानं — तुझ्या साइटवर असं कुणाला चुकीचं नाही ना दिसणार? मी म्हटलं नाही. म्हणाली, मग ठीक.

पाणी त्या बाटलीत आहे. मला द्या इकडे.

बाबांशी भांडलो मी एकदा. विसाचा होतो. सगळं काढलं, तुम्ही लेकीला पगाराविना राबवून दुकान चालवलंत, तुम्ही तिला पुरलंत, तुम्ही माणूस नाही आहात. ते शांतपणे ऐकत होते, एका फ्रेमची दांडी वाकवत. मग म्हणाले,

"बरं. मग तूच का नाही सांगितलंस तिला? तोंड तुलाही होतं."

हे असं असतं बघा म्हाताऱ्यांचं. आयुष्यभर खोटं बोलतात आणि जिथं बोलू नये नेमकं तिथं खरं बोलतात. ताई दुकानात बसायला लागली त्याच्या सहाव्या वर्षी ते विकून टाकलं त्यांनी, ताईला न विचारता; घरचंच माणूस ना, त्याला काय विचारायचं. आता तिच्याकडेच राहतात. ती सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि मग तुमच्या हापिसात येऊन लोकांची यशं टाइप करते. आणि ते आल्यागेल्याला माझं सांगतात, पोरगा बघा, कॉलेजशिवाय केलं. माझा फोटो लावलाय म्हणे.

नाही. गंमत म्हणून नव्हतं ते.

काय म्हणालात? नाही, तुम्ही काही म्हणाला नाहीत, मीच. मघाशी मी म्हटलं ना, गंमत म्हणून केलं — बाबांना तसं सांगितलं होतं, तुम्हालाही सांगितलं. बाबांच्या अटीला दुसरी बाजू होती. ताई गेली तर शाळा सुटल्यावर दुकानात मी बसायचं, स्क्रूकाकांचे डोळे गेले होते, त्यांच्याच्यानं होत नव्हतं. हे बाबांनी मला आदल्या आठवड्यात बजावलं होतं. म्हणजे तो होय वाचला तेव्हा मला काय दिसलं असेल? फडकं दिसलं. फ्रेमा दिसल्या. त्या बटनावर बोट होतं ना माझं, ते घाबरून नव्हतं थांबलेलं. सगळंच घाबरून नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं ते कुणाला? ताई काउंटरवर होती, चार पावलांवर. तिच्या शेजारून चालत गेलो मी आणि बाबांना सांगितलं. ज्याला सांगून काही होणार नाही हे मला ठाऊक होतं, नेमकं त्याला. डोकं आहे माझ्यात. म्हणाले ना ते.

ह्यात दया येण्यासारखं काही नाही, तो चेहरा काढा. तुमच्या पिढीला एकच काम येतं, आधी करायचं आणि मग मान हलवायची. मला सल्ला नकोय. 'बोलून टाक, मन मोकळं कर' — तुमच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापा ते.

हा शेवटचा प्रश्न कुणाचा, तुमचा की तिचा? 'ज्या बहिणीमुळे आपण या क्षेत्रात आलात, तिला आज काय सांगाल?' तिचा नाही? तुम्ही हातानं लिहून दिला आणि तिनं टाइप केला. काही बोलली का टाइप करताना? हसली. बरं.

एक सांगा, तिला रेकॉर्डिंगमधला एखादा शब्द कळला नाही तर काय करते? अंदाजानं भरते? — मला वाटलंच, नाही भरणार. काय करते मग? टिंबं टाकते आणि त्या माणसाला स्वतः फोन लावते. नेहमी? एका शब्दासाठीसुद्धा? तुम्ही ओरडता तिला, वेळ जातो म्हणून. ओरडत जाऊ नका. जे ऐकलं नाही ते ती लिहीत नाही, एवढं एक माणूस तुमच्या हापिसात आहे, त्याच्यावर काय ओरडता.

लावा ते चालू. लावा म्हटलं ना. लाल झालं? विचारा पहिला प्रश्न, जसा लिहिलाय तसा.

हं. माझी गोडी — कोडिंगची गोडी मला पंधराव्या वर्षी लागली. माझ्या बहिणीचा निकाल लागला त्या दिवशी. निकाल वेबसाइटवर होता, आणि त्या वेबसाइटनं — पुसा. पुसा ते, परत घ्या. बारा वर्षं येतंय की तोंडात, आताच काय झालं. विचारू नका, मला पाठ आहे प्रश्न. माझ्या बहिणीचा निकाल लागला त्या दिवशी तो सगळ्यात आधी मी पाहिला. तो चौऱ्याहत्तर होता, आणि मी —

बंद करा. बंद. नाही, पुसू नका. राहू दे तेवढंच. पुढचं नाही. पुढचं काही नाही, तुम्हाला काय करायचंय पुढचं, तुम्हाला नाही सांगत आहे मी. तसंच न्या आणि तिला द्या. ती टिंबं टाकील. मी इथंच आहे, फोन चालू आहे माझा. तुम्ही उठा आता. डावीकडे रेलू नका — उठा म्हणतोय ना. आणि जिन्यावरून उतरताना दार ओढून घ्या.